परतीचे सामान

सन १९१७ चा उन्हाळा. लंडनमध्ये २६ वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी परतीची बांधाबांध करीत होता. चार वर्षे परदेशी राहिलेल्या माणसाच्या पेट्यांत आप्तेष्टांसाठी घेतलेल्या नवलाईच्या वस्तू असावयाच्या. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या सामानात मुख्य भरणा होता तो पुस्तकांचा. हाती घेतलेला अभ्यास अर्धाच झाला होता. स्वेच्छेने कोणी अशा वेळी निघाले नसते. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली होती आणि बडोद्याहून परतण्याचा आदेश आला होता.

बडोद्याशी त्यांचा करार होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत आले. पण थोड्याच दिवसांत वडील रामजी सुभेदार अत्यवस्थ असल्याचे कळले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा, असा तो करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीतून स्वतःचा खर्च भागवून घरी पैसे पाठवावयाचे, तेव्हा चैनीचा प्रश्नच नव्हता. एक व्यसन मात्र जडले, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथे सुमारे २,००० ग्रंथ जमविले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क सोडले. एवढी पुस्तके बरोबर लंडनला नेणे अशक्य होते. हिंदुस्थानात पोहोचविण्यासाठी ती एका स्नेह्याच्या स्वाधीन केली. त्यांतील काहीच पुढे हाती आली. न्यूयॉर्कचा निरोप हा असा महागात पडला.

लंडनमध्ये त्यांनी दोन आघाड्यांवर प्रवेश घेतला. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. दोन्हींना पुरेल एवढा अवधी हाती नव्हता. वर्षभरातच निघण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी प्रथम काय केले असेल तर परत येण्याची सोय. प्रा. एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळविली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन त्यांना आपला अभ्यास पुढे चालू करता यावा. परतीच्या सामानात सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती, आणि तिला पेटी लागत नव्हती.

तो काळ पहिल्या महायुद्धाचा. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांवर सरसकट हल्ले चालविले होते. भीमरावांनी आपले सामान थॉमस कुक कंपनीमार्फत विमा उतरवून निराळ्या बोटीने रवाना केले. स्वतः ते आगगाडीने फ्रान्समधून मार्सेय बंदरास गेले आणि तेथे ‘कैसर-इ-हिंद’ या बोटीवर चढले. माणूस एका वाटेने व पुस्तके दुसऱ्या वाटेने, असा हा प्रवास होता.

मुंबईत घरच्या मंडळींच्या कानी बोट बुडाल्याची वार्ता आली आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. तारा झाल्या, चौकशा झाल्या, आणि उलगडा झाला की, जलसमाधी मिळाली ती सामानाच्या बोटीला. २१ ऑगस्ट १९१७ रोजी भीमराव मुंबईस उतरले. रमाबाईंच्या आणि आप्तांच्या जिवात जीव आला. पुस्तके मात्र समुद्राच्या तळाशी गेली होती. ज्याने एकेक प्रत निवडून घेतली, समासात खुणा केल्या, त्याचे दुःख विम्याच्या कागदावर कसे मांडता यावे? कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली. बडोद्यास जाऊन रुजू होण्यासाठीही जवळ पैसे नव्हते, ते याच रकमेतून उभे राहिले. बुडालेल्या ग्रंथांच्या मोबदल्यावर त्यांनी कराराची वाट धरली.

सप्टेंबर १९१७ मध्ये थोरल्या बंधूंसह ते बडोद्यास आले. त्यांना उतरवून घ्यावे अशी महाराजांची आज्ञा होती. स्टेशनवर कोणीही आले नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. कचेरीत शिपाई कागदपत्रे लांबून टाकीत. पिण्याच्या पाण्याचीही सोय नव्हती. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. दोन परिचितांकडे त्यांनी आश्रय मागितला, तोही मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्या नगरीत घडले, जिच्या अधिपतीने १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणवून गावोगावी वाचनालये उघडण्याचा उपक्रम आरंभिला होता. पुस्तकांसाठी दारे उघडण्यात अग्रेसर असलेल्या या शहरात एका पदवीधराला बिऱ्हाड मिळाले नाही, ही गोष्ट बडोद्याच्या वाचकाने विसरता कामा नये. महाराजांच्या औदार्याची आठवण करतानाही नाही.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. तिच्यातून शिल्लक टाकली. विद्यापीठाची मुदत ऑक्टोबर १९२१ ला संपणार होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची जोड मिळाली, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनच्या वाटेला लागले. तेथे ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते वाचीत बसत. १९२१ मध्ये एम. एस्‌सी. झाले, बॅरिस्टर झाले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. मिळाली.

कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठीचा त्यांचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर होता. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो प्रसिद्ध केला. प्रस्तावना गुरू प्रा. सेलिग्मन यांची. विद्यापीठाने पदवी रीतसर दिली ती १९२७ मध्ये. बडोद्याचे दिवस उलटून तोवर दहा वर्षे होत आली होती. ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेवर नाव आहे ते शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे.