आगरकरांचा दमा आणि मनावरचा ताण

येत्या १७ जूनला गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यतिथी. शाळेच्या पुस्तकातून ते आपल्याला समाजसुधारक, ‘केसरी’चे पहिले संपादक आणि ‘सुधारक’चे संस्थापक म्हणून माहीत असतात. ते दम्याचे रुग्ण होते, ही गोष्ट मात्र एका ओळीत संपते. आज त्या ओळीबद्दल लिहायचे आहे. निमित्त झाले ते धायरीहून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका आईच्या प्रश्नाचे.

तिची मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. लहानपणी तिला बाळदमा होता, तो पुढे थांबला. आता परीक्षा जवळ आली की कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे इसब उठतो. रात्रभर खाज सुटते, झोप होत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, हे सगळे टेन्शनचे आहे. मग मलम कशाला लावायचे, असा आईचा प्रश्न होता. मलम दोन आठवड्यांपूर्वीच बंद झाले होते. मुलगी मान खाली घालून बसली होती, जणू खाज सुटणे हा तिचाच गुन्हा.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा आधार मिळाला. १८७५ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. वर्तमानपत्रांतील लेखन आणि शिष्यवृत्ती यांवर शिक्षण पुरे केले. एम. ए. झाल्यावर भरपूर पगाराची सरकारी नोकरी मिळाली असती. त्याऐवजी त्यांनी चिपळूणकर आणि टिळक यांच्याबरोबर न्यू इंग्लिश स्कूलचे काम पत्करले आणि पैशाच्या मागे लागणार नाही असे आईला पत्राने कळवून टाकले.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील मजकुरामुळे अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. या काळात टिळकांशी मतभेद वाढत गेले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण यांवर ते निर्भीडपणे लिहीत. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये पुणे पेटले, तेव्हा कॉलेजच्या दिवसांतले हे दोन मित्र समोरासमोर उभे होते. आगरकर जिवंत असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद आले. म्हणजे कॉलेजचा कारभार, वर्गातले शिकवणे आणि पत्राचे लेखन असा तिहेरी भार. आणि या साऱ्यात सोबतीला दमा.

त्या काळी दम्याकडे कसे पाहत? इंग्लंडमधील हेन्री हाइड सॉल्टर यांनी १८६० मध्ये दम्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते हा मज्जातंतूंचा विकार होता. धोत्र्याच्या पानांचा धूर ओढणे हा तेव्हाचा प्रचलित उपाय. त्याने आवळलेल्या श्वासनलिका काही वेळ सैल होत, पण आतली सूज तशीच राही. त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटे आणि दमा पुन्हा उसळे. अ‍ॅलर्जी हा शब्दच तयार झाला नव्हता. तो क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये आणला.

आगरकर ‘केसरी’त लिहीत होते त्याच सुमारास, १८८६ मध्ये, अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. गुलाबाच्या वासाने शिंकांनी बेजार होणाऱ्या एका बाईंसमोर त्यांनी नकली गुलाब धरला. तिला तसाच त्रास सुरू झाला. यावरून अनेकांनी चुकीचा अर्थ काढला की हा आजार मनाचा खेळ आहे. खरे तर त्या बाईंच्या नाकाला आलेली सूज आणि वाहणारे पाणी नकली नव्हते. मनाने शरीरातली खरीखुरी यंत्रणा चालू केली होती.

ती यंत्रणा आज आपल्याला बरीच कळली आहे. दमा, इसब आणि सतत शिंका येणारी सर्दी ही बऱ्याचदा एकाच घरातली भावंडे असतात. त्वचेत आणि श्वासनलिकेत मास्ट नावाच्या पेशी पहारा देत असतात. अ‍ॅलर्जी असणाऱ्या माणसात त्या धुळीसारख्या साध्या गोष्टीलाही शत्रू समजतात आणि हिस्टामाइनसारखी द्रव्ये सोडतात. त्यातून लाली, सूज आणि खाज येते. या पेशींच्या अगदी जवळ मज्जातंतूंची टोके असतात. माणूस तणावाखाली असला की ही टोके काही रसायने सोडतात आणि पहारेकरी आणखी बिथरतात.

इथे एक शंका येईल. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल वाढते, आणि तेच तर सूज कमी करणारे संप्रेरक आहे. मग ताणाने त्रास कमी व्हायला नको का? थोड्या वेळाच्या ताणात ते काही प्रमाणात घडतेही. पण ताण महिनोन्‌महिने चालला की पेशी कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा होतात. घरात रोज ओरडणाऱ्या माणसाकडे मुले जसे दुर्लक्ष करू लागतात, तसे.

हे विद्यार्थ्यांमध्ये तपासलेही गेले आहे. सौम्य दमा असलेल्या कॉलेजच्या मुलांना अ‍ॅलर्जीचा तोच पदार्थ एकदा परीक्षेच्या काळात आणि एकदा एरवी हुंगवला. परीक्षेच्या काळात त्यांच्या कफात सुजेच्या पेशी जास्त आढळल्या. दुसऱ्या एका अभ्यासात परीक्षेच्या दिवसांत त्वचेचे वरचे संरक्षक आवरण भरून यायला जास्त वेळ लागतो असे दिसले. म्हणजे धायरीच्या त्या मुलीचा अनुभव खरा होता आणि शेजाऱ्यांचे निरीक्षणही. चुकत होता तो फक्त निष्कर्ष.

आगरकरांना दमा वादांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. ताण हा रोग पेरत नाही, असलेल्या रोगाला खतपाणी घालतो. आणि ज्या माणसाने उभ्या पुण्याचा रोष अंगावर घेऊनही लेखणी खाली ठेवली नाही, त्याचा दमा मनाच्या दुबळेपणातून आला असे कोण म्हणेल? कणखर माणसालाही दमा होतो आणि परीक्षेला घाबरणाऱ्या मुलीलाही इसब होतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वयाची ३९ वर्षे पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. टिळकांनी ‘केसरी’त मित्राचा मृत्युलेख लिहिला. सूज आटोक्यात ठेवणारे श्वासातून घ्यायचे औषध त्यानंतर कितीतरी दशकांनी आले. त्यांच्याजवळ ते नव्हते. आपल्याजवळ आहे.

म्हणून त्या आईला मी सांगितले ते इथेही सांगतो. ताण हे कारण दिसत असले तरी मलम किंवा पंप मनाने बंद करू नये. आग विझवायची आणि फुंकरही थांबवायची, दोन्ही हवे. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी, अंग ओलसर असतानाच त्वचा मऊ ठेवणारे मलम लावावे. नखे कापलेली असावीत. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून तीन-चार औषधांची सरमिसळ असलेली ट्यूब आणू नये, तिने त्वचा पातळ होते. झोप हे औषधच समजावे. चालणे, प्राणायाम, कुणाशी मोकळेपणाने बोलणे यांनी ताण हलका होतो, पण ते औषधाच्या जोडीने करायचे, औषधाच्या जागी नव्हे. मन फारच खचले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच नको. आणि दमेकऱ्याला एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पाऊस तोंडावर आला आहे. भिंतींना ओल येईल, बुरशी धरेल आणि दम्याचे रुग्ण वाढतील. त्यातच मुलांच्या परीक्षा असतील. घरात कुणी खाजवत किंवा धापा टाकत असेल, तर टेन्शन घेऊ नकोस एवढेच म्हणून उठू नका. त्याचे औषध चालू आहे ना, ते आधी पाहा. मग शेजारी बसून त्याला कशाची काळजी आहे ते विचारा.