कापरेकरांचा खेळ

हैदराबादेत कॉलेजला येताना वाहनांचे नंबर वाचण्याचा मला छंद. त्यातूनच मी समाजमाध्यमावर आकड्यांशी खेळणारा एक छोटा बॉट केला. याचा उपयोग काय, असे आई विचारी. तेव्हा मला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवत.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर राहिले. वरची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांत रमणे हेच त्यांचे सुख. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला शोध मांडला. चार अंक घ्यावेत, सगळे सारखे मात्र नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि हेच पुन्हा पुन्हा करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच! पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये ते वारले.

माझा बॉट त्यांचाच नियम चालवतो. परवा आईनेच स्कूटरचा नंबर सांगितला, २१००. उत्तरे आली २०८८, ८५३२, ६१७४. उपयोगाचे विसरून ती शेजाऱ्यांच्या गाडीचा नंबर पाहायला गेली.