हॅरी रिकार्डो : इंजिनातल्या 'टकटकी'चं कारण शोधणारा आणि ती पाण्याने थांबवून पाहणारा इंजिनिअर

चढावर गाडी वरच्या गिअरमध्येच रेटली की इंजिनातून टकटक आवाज येतो. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. त्याकडे दुर्लक्ष केलं, तर पुढे पिस्टनही निकामी होऊ शकतो.

हा आवाज नेमका का येतो, हे उलगडण्यात सर हॅरी रिकार्डो या ब्रिटिश इंजिनिअरचा मोठा वाटा होता. इंजिनात पाणी सोडून नॉकिंग थांबवण्याचे प्रयोगही त्यांनी केले. पण पाण्याची ही युक्ती कुठवर चालते?

घरातच इंजिनिअरिंग

रिकार्डो यांचा जन्म 26 जानेवारी 1885 रोजी लंडनमध्ये झाला. वडील हॅल्सी रिकार्डो आर्किटेक्ट होते. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल नामांकित सिव्हिल इंजिनिअर होते आणि भारतातल्या रेल्वे कंपन्यांना सल्ला देत.

1903 मध्ये हॅरी केंब्रिजला गेले. पुढच्याच वर्षी एका स्पर्धेत त्यांनी स्वतः बनवलेल्या इंजिनाची मोटरसायकल उतरवली. साधारण सव्वा लिटरहून कमी पेट्रोलमध्ये ती सुमारे 64 किलोमीटर धावली आणि त्यांनी स्पर्धा जिंकली.

प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी या मुलाला इंजिनांच्या संशोधनाकडे वळवलं. याच हॉपकिन्सन यांनी 1913 मध्ये मोठ्या गॅस इंजिनांच्या सिलिंडरमध्ये थेट पाणी फवारून ती थंड ठेवण्याची पद्धत मांडली होती.

रणगाड्याचा धूर

पहिल्या महायुद्धात सुरुवातीच्या ब्रिटिश रणगाड्यांची इंजिनं भरपूर धूर सोडत. त्यामुळे रणगाडा कुठे आहे हे शत्रूला लगेच कळायचं. रिकार्डो यांनी 150 हॉर्सपॉवरचं नवं इंजिन तयार केलं. त्यात तेल जळून होणारा धूर खूपच कमी झाला. 'मार्क फाइव्ह' रणगाड्यात हेच इंजिन होतं.

नॉकिंग म्हणजे काय?

ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं म्हणून नॉकिंग होतं, असा तेव्हा अनेकांचा समज होता. रिकार्डो यांचा निष्कर्ष वेगळा होता. ठिणगीनंतर ज्वाला पसरत जाते. तिच्यापुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ज्वाला पोहोचण्याआधीच ते आपोआप, एकदम पेटलं की टकटक होते.

युद्धानंतर त्यांनी 'ई 35' नावाचं खास इंजिन बनवलं. चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन बदलता यायचं. हेन्री टिझार्ड आणि डेव्हिड पाय यांच्या साथीने त्यावर निरनिराळी इंधनं तपासली गेली. इंजिनातून किती ताकद काढता येईल, हे मुख्यतः इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही यावर ठरतं, असं त्यातून दिसलं. इंधनांची तुलना करण्यासाठी त्यांनी टोल्युइनवर आधारलेलं माप वापरलं. पेट्रोल पंपावर आज दिसणारे ऑक्टेनचे 91, 95 हे आकडे त्यानंतर आलेल्या मोजपट्टीवरचे आहेत.

मग पाणी कशासाठी?

सुपरचार्जर इंजिनात जास्त हवा कोंबतो. ताकद वाढते, पण नॉकिंगही लवकर सुरू होतं. रिकार्डो यांनी अशा इंजिनाला आधी जास्त पेट्रोल दिलं. त्याचा उपयोग संपला, तेव्हा पाणी सोडलं. ताकद आणखी वाढवता आली.

कारण सोपं आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता लागते. पेट्रोलला लागणाऱ्या उष्णतेच्या ती साधारण सहापट आहे. ही उष्णता आतल्या मिश्रणातून घेतली जाते आणि ते थंड राहतं.

वेग वाढला की काय होतं?

पाण्याचा थेंब विरायला वेळ लागतो. 2,500 आरपीएमला हवा आत ओढण्याच्या फेरीला सुमारे 12 मिलिसेकंद मिळतात, 8,000 आरपीएमला चारपेक्षाही कमी. न विरलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतात. म्हणून फवारा अतिशय बारीक आणि सगळ्या सिलिंडरमध्ये सारखा लागतो.

दुसरीकडे, उरलेलं मिश्रण आपोआप पेटायलाही वेळ लागतो. वेगात तो कमी मिळतो, त्यामुळे इतर गोष्टी सारख्या असतील तर नॉकिंगचा धोकाच थोडा घटतो. रिकार्डो यांनी ही वेळेची बाजू आधीच हेरली होती. 1919 च्या सुमारास त्यांनी सिलिंडर हेडचा आकार बदलून मिश्रणात खळबळ वाढवली. ज्वाला झपाट्याने पसरली आणि उरलेल्या मिश्रणाला पेटायला सवडच उरली नाही. त्यासाठी पाण्याची वेगळी टाकी लागत नव्हती.

टाकी हीच पाण्याच्या युक्तीची मोठी अडचण. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांतली पाणी आणि मिथेनॉलची 'एमडब्ल्यू 50' यंत्रणा एका वेळी फार तर 10 मिनिटं वापरायची असे. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायर मोटारीतही असं मिश्रण होतं, पण अनेक मालक टाकी भरायचंच विसरत. 2016 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम 4 जीटीएसमध्येही पाण्याची 5 लिटरची वेगळी टाकी होती.

रिकार्डो यांना 1948 मध्ये 'सर' हा किताब मिळाला. 18 मे 1974 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांची कंपनी त्यांच्याच नावाने ओळखली गेली.