भजनाकडून सातबाऱ्याकडे

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या जवळजवळ पाव शतक आधी, १९७४ साली, अंबरसिंग सुरतवंती तरुण वयातच हे जग सोडून गेले होते. शहादा तालुक्यातल्या पाडळदा गावचा हा भिल्ल कार्यकर्ता. सर्वोदयी वळणाचा आणि गावोगाव भजनी मंडळे उभी करणारा, म्हणून लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्या भागात आजही त्यांचा उल्लेख याच नावाने होतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र ते भेटलेच तर शहाद्याच्या चळवळीवरच्या एखाद्या पुस्तकात, दोन-चार परिच्छेदांपुरते. शहरातून गेलेल्या तरुणांच्या कहाणीला त्या पुस्तकांत जास्त जागा मिळते. ते स्वाभाविक असेल, पण मला ते नेहमीच खटकत आले आहे.

मी वसईचा, कॅथलिक कुटुंबातला. बँकेच्या नोकरीत १९८०च्या दशकात बदलीवर शहाद्याला गेलो आणि तिथे काही वर्षे काढली. तोवर अंबरसिंग जाऊन दहा वर्षे होऊन गेली होती. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि त्यांना ओढूनताणून कोणाच्या गोटात बसवण्याची माझी इच्छा नाही. पण आमच्याच चर्चने त्या काळात करुणा आणि न्याय यांच्याविषयी जे सांगायला सुरुवात केली होती, ते मला कळले ते या भिल्ल भजनकऱ्याच्या आयुष्यावरून. हा लेख त्यासाठी.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला दयेची कृत्ये पाठ करावी लागत. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, अशी ती यादी होती. त्या जोडीला येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या वाटसरूला लुटारू मारझोड करून अर्धमेला टाकून जातात. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. ज्याला यहुदी लोक परका मानत तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. गोष्ट तिथे संपते. त्या लुटारूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. शहाद्यात तो प्रश्न रोज समोर उभा राही.

सातपुड्याच्या पायथ्याची तापीकाठची ही काळीभोर जमीन. एके काळी तिचा मोठा भाग भिल्लांच्या नावावर होता. मग हळूहळू ती सरकत गेली. खावटीसाठी घेतलेले धान्य सवाई-दिढीने फिटत नसे, म्हणून शेत गहाण पडे. कागदावर अंगठा उमटे आणि त्यावर काय लिहिले आहे हे अंगठ्याच्या मालकाला ठाऊक नसे. कायद्याने आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या ३६व्या कलमात हे बंधन आहे आणि त्याआधीच्या कायद्यातही तशी तरतूद होती. तरीही जमीन गेली. कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर नाव भिल्लाचे, पीक दुसऱ्याचे, आणि तोच भिल्ल त्याच शेतावर सालदार. अक्षय तृतीयेला, म्हणजे खानदेशातल्या आखाजीला, सालदारीचे वर्ष सुरू होई. आगाऊ घेतलेली रक्कम फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात. पाणी आले, ऊस आला, बागायत वाढली, तशा पीक संरक्षण संस्था निघाल्या. त्यांचे राखणदार हत्यारे बाळगून फिरत. शेतातून कणीस किंवा सरपण नेल्याच्या संशयावरून मारहाण होई, दंड होई. वाटेवरचे लुटारू इथे रात्रीबेरात्री येत नव्हते. त्यांच्याकडे पावतीपुस्तके होती.

अशा मुलखात अंबरसिंगांनी आधी भजन हाती घेतले, यात नवल नाही. त्याला तिथे परंपरा होती. तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात आरतीची मोठी चळवळ उभी केली होती. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, असा त्यांचा उपदेश होता. हजारो भिल्ल आरतीला जमत. १९३८ साली गुलाम महाराज वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम पुढे चालवले. ज्याला सारा गाव अरे-तुरे करतो त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. इतक्या माणसांचे एकत्र जमणेही त्या काळच्या सत्तेला आणि सावकाराला परवडणारे नव्हते.

अंबरसिंगांची भजनी मंडळे याच वाटेवरची. थोडे शिकलेला आणि सर्वोदयाच्या संस्कारात वाढलेला हा तरुण गावोगाव जाऊन माणसे गोळा करी. दारूवर बोले. घरातली भांडणे, मुलांची शाळा, कर्ज यांच्या गोष्टी निघत. माझा समज असा की या टप्प्यावरचे अंबरसिंग हे करुणेच्या जुन्या अर्थाने पूर्ण माणूस होते. याच टप्प्यावर ते थांबले असते तरी चालले असते. त्यांचा सत्कार झाला असता, एखाद्या शाळेला नाव मिळाले असते आणि बागायतदारांनी वर्गणीही आनंदाने दिली असती. दारू सोडलेला मजूर कोणाला नको असतो?

इथे थोडे मुंबईकडे वळतो. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले होते. वसईतून माणसे गाड्या भरभरून गेली. माझे वडीलही गेले होते. परत जाताना पोपमहाशयांनी आपली पांढरी मोटार मदर तेरेसांना त्यांच्या कामासाठी देऊन टाकली. आमच्या घरात ती मोटार पुढे कित्येक वर्षे बोलण्यात येई. त्याच भेटीत त्यांनी शस्त्रास्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारण्याचे आवाहन केले होते. ते आमच्याकडे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मोटार लक्षात राहते, अर्थशास्त्र राहत नाही.

ते आवाहन पोप मात्र विसरले नाहीत. २६ मार्च १९६७ रोजी त्यांनी राष्ट्रांच्या विकासावर जे परिपत्रक काढले, त्यात मुंबईतल्या त्या आवाहनाचा उल्लेख आहे. त्याच परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क निरपवाद नाही, पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे आणि लोकांच्या हिताच्या आड येणाऱ्या मोठ्या जमिनी प्रसंगी काढूनही घेता येतील, असे स्पष्ट मांडले आहे. तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला होता. हे त्याच्या पुढचे पाऊल होते. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले. अन्याय हा केवळ वाईट माणसांच्या हातून घडत नाही, तो व्यवस्थेतच मुरलेला असतो, हे त्यांनी उघड मान्य केले. आणि १९७१च्या शरदात रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने न्यायासाठी झटणे हा शुभवर्तमानाच्या प्रचाराचाच अंगभूत भाग ठरवला. दान झाल्यावर उरलेल्या वेळात करायचे ते काम नव्हे, असा त्याचा अर्थ.

त्याच १९७१ साली, २ मे रोजी, शहादा तालुक्यात पाटीलवाडीचे प्रकरण घडले. भुकेने गांजलेले भिल्ल धान्य मागायला निघाले होते. त्यातून वाद चिघळला आणि जमीनमालकांच्या सशस्त्र जमावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एका आदिवासीचा जीव गेला.

या गोळीबारानंतरचे अंबरसिंग हा माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. मेलेल्याच्या घरी जाऊन बसणे आणि त्याच्या मुलाबाळांची सोय लावणे हे दयेचे कृत्य होते आणि तेही हवेच होते. पण धान्य मागायला जाणारा माणूस एके काळी स्वतः धान्य पिकवणारा होता. त्याचे शेत कुठे गेले, हा प्रश्न भजनी मंडळात आला तेव्हा भजनाचा स्वभावच बदलला. सर्वोदयाचे कार्यकर्ते मदतीला आले, ग्रामस्वराज्य समिती स्थापन झाली आणि ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भूमुक्तीसाठी मेळावा भरला. मग गावोगाव कागद उकलले गेले. कोणाची जमीन, कोणत्या साली, किती रुपयांत, कोणाच्या अंगठ्याने गेली, याचा शोध सुरू झाला. जी बेकायदा गेली होती ती परत मागितली गेली आणि हजारो एकर जमीन आदिवासींच्या ताब्यात परत आली. भजनाला जमण्याची सवय नसती तर ही माणसे तलाठ्याच्या दारात एकत्र उभी राहिली असती का, याची मला शंका आहे. मार्क्सवादी मित्रांना हे फारसे पटत नाही.

ते मित्र म्हणजे ‘मागोवा’ गटाचे तरुण. त्यांतले कुमार शिराळकर तर २ ऑक्टोबर २०२२ रोजी जाईपर्यंत या चळवळींचेच राहिले. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. तो दुष्काळाचा काळ. सालदारांचे वेतन, रोजंदारी, दुष्काळी कामे, पीक संरक्षणाचा जाच असे प्रश्न तिने घेतले. जमीन ज्याच्याकडे कधीच नव्हती त्याचे काय, हा तिचा सवाल रास्त होता. सर्वोदयी मंडळींना हृदयपरिवर्तन हवे, तरुणांना वर्गसंघर्ष, आणि अंबरसिंग दोघांच्या मध्ये. या मधल्या जागेला कोणी गोंधळ म्हणेल. मला ती फार अवघड आणि मोलाची वाटते. समोरच्या बागायतदाराचा द्वेष न करता त्याच्या ताब्यातले शेत परत मागायचे, हे दोन्ही एकदम करायला मोठी ताकद लागते. आमच्या धर्मात शत्रूवर प्रीती करायला सांगितले आहे. त्याचा सोयीस्कर अर्थ आम्ही असा लावला की शत्रूकडे काही मागायचे नाही.

स्त्रियांचा भाग वेगळा सांगायला हवा. दारूबंदीचा उपदेश आरतीत आणि भजनात होताच, पण तो पुरुषांनी पुरुषांना केलेला. १९७२-७३च्या सुमारास भिल्ल बाया शिबिरांत बोलत्या झाल्या. दारूचा पहिला मार आपल्या पाठीवर पडतो, हे त्यांनी सांगितले. त्या टोळ्यांनी निघाल्या आणि त्यांनी गावोगावची दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी जाब विचारला. मोर्च्यांत त्या पुढे असत. जे भजनाने पुरते झाले नव्हते त्याला त्यांनी हात घातला, आणि हे सारे अंबरसिंगांच्या हयातीतच घडले. पुढाऱ्याने आखून दिलेल्या रेघेपलीकडे लोक जातात तेव्हा बरेच पुढारी बिथरतात. ही चळवळ त्यावरून मोडली नाही, एवढे खरे.

१९७४ साली अंबरसिंग गेले. ज्याच्यासाठी ते झगडले त्या प्रश्नावर त्याच साली विधिमंडळाने दोन कायदे केले. एकाने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून ६ जुलै १९७४ पासून आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावरचे बंधन कडक केले. दुसरा अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद त्यात होती. शहाद्याची चळवळ नसती तर हे इतक्या लवकर झाले नसते, असे माझे मत आहे.

मी नोकरीला गेलो तेव्हा या दुसऱ्या कायद्याची प्रकरणे अजून कानावर येत. त्यातली एक तरतूद वाचून मी चक्रावलो होतो. जमीन कायदेशीर व्यवहाराने गेली असेल आणि ती परत हवी असेल, तर आदिवासीने जमिनीच्या आकारणीच्या ४८ पट रक्कम, शिवाय मधल्या काळात झालेल्या सुधारणांची किंमत भरायची, आणि ती जमीन आपण स्वतः कसू अशी हमी द्यायची. रक्कम एकदम जमली नाही तर वार्षिक हप्ते, जास्तीत जास्त बारा. आकारणी मुळात थोडी असे, त्यामुळे ४८ पटीचा आकडा फार मोठा होत नसे. पण विहीर, पाइपलाइन, बांध ही सुधारणांची किंमत होई आणि ती मात्र भारी पडे. खावटी फेडता आली नाही म्हणून ज्याचे शेत गेले त्याने आता दुसऱ्याच्या विहिरीचे पैसे द्यायचे. कर्जाच्या चौकशीला आलेला एक म्हातारा भिल्ल माझ्या टेबलासमोर बसून त्या बारा हप्त्यांचा हिशेब बोटांवर करत होता. पिशवीतून त्याने सातबाऱ्याचा उतारा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. नकलेवर नाव त्याच्या बापाचे होते.