एक्स्प्लेनर : हेडी लमार खरंच ‘वाय-फायची आई’ होत्या का?

घरातलं वाय-फाय आणि ब्लूटूथ इअरफोन अनेकदा एकाच २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात. तरी सिग्नलची टक्कर फारशी होत नाही. कारण क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १,६०० वेळांपर्यंत उड्या मारतं आणि वाय-फायने व्यापलेले चॅनल टाळतं. अशा उड्यांचं एक गाजलेलं पेटंट एका हॉलिवूड अभिनेत्रीच्या नावावर आहे.

कोण होत्या हेडी लमार?
जन्म १९१४, व्हिएन्ना. शस्त्रनिर्माते फ्रिट्झ मांडल यांच्याशी लग्न. १९३७ मध्ये त्या घरातून निसटल्या आणि पुढे हॉलिवूड स्टार झाल्या.

शोध काय होता?
रेडिओवर चालणारा टॉर्पेडो शत्रू त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करून भरकटवू शकत होता. लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी उपाय सुचवला : जहाज आणि टॉर्पेडोने एकाच क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. क्रमासाठी स्वयंचलित पियानोतल्यासारखी छिद्रांची कागदी गुंडाळी होती. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळालं.

मोबदला किती मिळाला?
काहीच नाही. नौदलाने युद्धात हे तंत्र वापरलं नाही. १९५९ मध्ये पेटंटची मुदतही संपली.

मग ‘वाय-फायची आई’?
हे अर्धसत्य आहे. फ्रिक्वेन्सी बदलण्याची कल्पना त्यांच्याआधीही मांडली गेली होती. १९९७ च्या पहिल्या वायरलेस लॅन मानकात ती एक पर्याय होती. आजचं वाय-फाय मात्र चॅनल मोकळा आहे का ते आधी ऐकतं, नसेल तर थांबतं, मगच डेटा पाठवतं.

१९९७ मध्येच लमार यांना इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. २००० मध्ये त्यांचं निधन झालं.