मातीतून मॅटवर

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठीचा तास आठवड्यातून मोजून चार वेळा, बाकी सगळं इंग्लिशमध्ये. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहावासाच वाटला नाही.

तर झालं असं, की सेकंड इयरला मी कॉलेजच्या कबड्डी टीमसाठी नाव दिलं. मी साकोलीची. आमच्याकडे दिवाळीनंतर धान निघालं, की मोकळ्या बांध्यांमध्ये पोरं-पोरी कबड्डी खेळतात. मी मात्र धुऱ्यावर बसून बघणारी! युनिफॉर्म मळेल, गुडघे फुटतील, ही भीती. म्हणजे विसाव्या वर्षी पहिल्यांदा ग्राउंडवर उतरले आणि पहिल्याच प्रॅक्टिसला कळलं, की समोरची रेडर माझ्या घोट्याला हात लावून परत मधल्या रेषेवर पोहोचते, तेव्हा कुठे माझा मेंदू म्हणतो, अगं, पाय मागे घे! एका सीनियरने सरळ सांगितलं, की हातापायांची चपळाई लहानपणीच येते, आता काही उपयोग नाही. त्या रात्री हॉस्टेलवर मी खूप रडले. खोटं कशाला सांगू?

सुट्टीत घरी गेले तेव्हा आबाजींना हे सांगितलं. त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. खाशाबा जाधव कोण होते ते माहीत आहे का, एवढंच विचारलं. ऑलिम्पिकमध्ये मेडल मिळवणारे पैलवान, इतकंच मला ठाऊक होतं. जी.के.च्या पुस्तकातली एक ओळ! मग शोधून शोधून वाचलं, आणि माझा प्रश्नच बदलला.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावात. वडील स्वतः पैलवान, पाच भावांमध्ये खाशाबा धाकटे. पाचव्या वर्षापासून त्यांना कुस्तीचे धडे मिळू लागले. इथे मी जरा खट्टू झाले. पाचव्या वर्षी सुरुवात! मग माझ्यासारखीने यातून काय शिकायचं? पण पुढे वाचलं आणि खरी गोष्ट तिथे सापडली.

पाचव्या वर्षापासून ते शिकले ती मातीतली कुस्ती. लाल मातीत पाय थोडा रुततो, त्याला आधार मिळतो. कुस्ती निकाली व्हायची तर समोरच्याला चितपट करायचं, पाठ जमिनीला लावायची. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र मॅटवर. तिथे पाय रुतत नाही, हालचाल जास्त वेगाने होते, वेळेचं बंधन असतं आणि कुणी चितपट झालं नाही तर पंच निकाल देतात. म्हणजे खेळ तोच, पण शरीराला लागलेल्या निम्म्या सवयी तिथे नव्याने लावायच्या.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते बावीस वर्षांचे असताना. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला. मॅटचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव फारसा नव्हता. अमेरिकेचे माजी विश्वविजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केलं. एवढ्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्नीगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचं चाललं नाही. फ्लायवेट गटात सहावा नंबर.

कोणीही म्हणालं असतं, छान झालं, आता घरी बसा. पण ते पुढची चार वर्षं तयारी करत राहिले. वजनगटही बदलला, फ्लायवेटवरून वरच्या बँटमवेटमध्ये आले. विचार करा, मॅटची सवय नवी आणि समोरचे मल्लही आता जास्त वजनाचे. हे सगळं बाविसाव्या ते सव्विसाव्या वर्षी, ज्या वयात आपण बॅकलॉग आणि प्लेसमेंटमध्ये अडकलेले असतो!

आता थोडं इंजिनिअरिंग. (आपल्या मॅगझिनमध्ये एक तरी फॉर्म्युला हवाच ना!) घरच्या घरी रिॲक्शन टाइम मोजायचा असेल तर मैत्रिणीला 30 सेंटिमीटरची फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ आपली दोन बोटं उघडी ठेवा. तिने न सांगता पट्टी सोडायची, आपण पकडायची. जितकी सेंटिमीटर निसटली ती दोनाने गुणा, गुरुत्व त्वरणाने भागा आणि वर्गमूळ काढा. फक्त सेंटिमीटरचे मीटर करायला विसरू नका. 20 सेंटिमीटर म्हणजे साधारण 0.20 सेकंद. माझी पट्टी पहिल्या दिवशी 24 वर थांबली, म्हणजे 0.22 सेकंद. दोन महिने रोज भिंतीवर टेनिस बॉल मारून एका हाताने पकडणं आणि दोरीवरच्या उड्या, हे केल्यावर 18.5 वर आली, म्हणजे 0.19.

फरक किती? सेकंदाच्या तीन शतांशाचा! पण गंमत अशी, की ग्राउंडवरचा फरक याच्या कितीतरी पट आहे. कारण खेळात नुसता सिग्नल मिळून चालत नाही, तो ओळखावा लागतो. रेडरचा खांदा झुकला की हात येणार की पाय, हे ओळखायला आधी मला वेळ लागायचा. आता पाय आपोआप मागे जातो. साधा रिॲक्शन टाइम एका मर्यादेखाली जात नाही, पण ओळखणं आणि हातापायांचा मेळ मोठेपणीही सुधारतो. 2004 साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना तीन महिने तीन चेंडू उडवून झेलायला शिकवलं, तेव्हा मेंदूच्या काही भागांतला करडा पदार्थ वाढलेला दिसला. सराव थांबवल्यावर ती वाढ कमीही झाली. म्हणजे शिकायला उशीर होत नाही, पण सुट्टी मात्र महागात पडते.

खाशाबांचा आवडता डाव ढाक. समोरच्याची मान काखेत आवळून त्याला खाली आणायचं. मला वाटतं, इथे डोळ्यांपेक्षा स्पर्श कामाला येतो. समोरच्याचा तोल कुठे गेला, ते पकडीतूनच कळतं, आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद नजरेपेक्षा थोडा लवकरच येतो. मातीत कमावलेली ती जाण मॅटवर फुकट गेली नाही. नवीन शिकायचं होतं ते पायांना.

1952 ला हेलसिंकीला जायचं, तर पैसेच नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. एक प्राचार्य आपल्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण ठेवतो!

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी सुमारे पंधरा मिनिटं झुंज दिली आणि हरले. इशीला पुढे सुवर्णपदक मिळालं. त्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण ते ठणकावून सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. तरीही 23 जुलै 1952 ला ब्राँझ मिळालंच. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं.

परत आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढले आणि मिळालेले पैसे प्राचार्यांना देऊन घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. तिथेही स्पर्धा जिंकल्या, इतरांना शिकवलं. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मात्र झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. 2010 च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं.

मी काही खाशाबा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्याकडे लहानपणीची मातीही नाही, धुऱ्यावर बसून ती मी स्वतःच घालवली. पण बाविसाव्या वर्षी परक्या मॅटवर पाय नव्याने बसवता येतात, हे कुणीतरी आपल्याच मातीतून जाऊन दाखवून ठेवलंय. सबमिशन संपल्यावर टीमचं सिलेक्शन आहे. नाव लागेल की नाही, देव जाणे. नाही लागलं तरी दुसऱ्या दिवशी पाच वाजता भिंत आणि टेनिस बॉल तिथेच असणार, आणि मीही.

आणि हो, यंदा दिवाळीनंतर धान निघालं, की मी धुऱ्यावर बसणार नाही. आबाजींना तसं सांगून आलेय!