शेतकऱ्यांचा शिष्य : सर अल्बर्ट हॉवर्ड

थोर माणसांची चरित्रे वाचताना त्यांनी जगाला काय शिकविले, याचाच हिशेब आपण बहुधा मांडतो. ते स्वतः कोणाकडून शिकले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे चरित्र मला जवळचे वाटते ते याच प्रश्नामुळे. रासायनिक खताशिवाय परसात किंवा गच्चीवर भाजीपाला पिकविण्याची हौस आज अनेक घरांतून दिसते. या हौशीचे शास्त्रीय मूळ शोधू गेले, तर ज्या थोड्या नावांपाशी थांबावे लागते त्यांत हॉवर्ड यांचे नाव ठळक आहे. केंब्रिजची पदवी, ब्रिटिश सरकारची मोठी नोकरी आणि उत्तरायुष्यात ‘सर’ हा किताब लाभलेल्या या इंग्रज गृहस्थाने आपले गुरू मानले ते हिंदुस्थानातल्या खेडवळ शेतकऱ्यांना. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. तरीही एका शेतीशास्त्रज्ञाविषयी लिहावेसे वाटले, त्याचे कारण एवढेच.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे असल्याने नांगर, गुरे आणि शेणखत यांची ओळख पुस्तकांच्या आधी झाली. पुढे लंडनला आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. १८९९ साली ते वेस्ट इंडीजमध्ये दाखल झाले. उसावर आणि इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली रोग ओळखायचा आणि मळेवाल्यांना उपाय सांगायचा, असा तो व्यवसाय. पण सांगितलेला उपाय आधी स्वतः करून पाहावा, तर त्यांच्याजवळ वीतभरही जमीन नव्हती. ज्याने स्वतः पीक काढले नाही त्याने दुसऱ्याला सल्ला द्यावा, ही गोष्ट या शेतकऱ्याच्या मुलाच्या मनाला खटकू लागली. १९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले व वाय येथील शेती महाविद्यालयात दोन वर्षे राहिले. परंतु मनातला सल तसाच होता.

१९०५ साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. बिहारमधील पुसा येथे सरकारने नवी शेती संशोधन संस्था काढली होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हॉवर्ड यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजला वनस्पतींच्या शरीरक्रियेवर संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षे या दांपत्याने इतके एकदिलाने काम केले, की कोणते संशोधन कोणाचे हे निवडणे कठीण व्हावे. पुसा येथे त्यांनी गव्हाचे जे सुधारित वाण तयार केले, ते उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले. नवऱ्याच्या नावामागे बायकोचे काम झाकले जाण्याची रीत आपल्याकडेच आहे असे नाही. म्हणून गॅब्रिएलबाईंचे नाव येथे मुद्दाम घेतो.

पुसा येथे हॉवर्ड यांना अखेर स्वतःची जमीन मिळाली. त्या जमिनीवर काय करावे हे ठरविताना त्यांनी जे केले ते साहेबी नोकरशाहीत अपूर्वच म्हटले पाहिजे. आसपासच्या रयतेला धडे देण्याऐवजी तिची शेती ते पाहत राहिले. या शेतकऱ्यांजवळ फवारणीची औषधे नव्हती आणि विकतचे खतही नव्हते. तरी त्यांच्या पिकांवर कीड फारशी दिसत नव्हती. असे का व्हावे? हॉवर्ड पाहू लागले. एकाच शेतात धान्याबरोबर कडधान्य पेरलेले असे. कोणत्या पिकानंतर कोणते घ्यावे याचे ठरलेले गणित असे. आपल्याकडे शेतकरी ज्याला बेवड म्हणतात तेच हे. जमिनीतून घेतलेले या ना त्या रूपाने जमिनीला परत जात असे. हॉवर्ड यांनी आपल्या शेतात हीच रीत ठेवली आणि पाचेक वर्षांत त्यांना बरेचसे निरोगी पीक काढता येऊ लागले. कीड हा शत्रू मानून तिला मारण्याची घाई करू नये, आपल्या मशागतीत काय चुकते हे ती दाखवून देते, या निष्कर्षावर ते आले. शेतकऱ्यांप्रमाणे किडीलाही त्यांनी आपल्या गुरूंच्या यादीत बसविले.

त्यांच्या बैलांची हकीकत तर त्यांच्या वाचकांत प्रसिद्धच आहे. सकस जमिनीत पिकलेल्या वैरणीवर पोसलेले त्यांचे बैल शेजारच्या लाळखुरकुताने आजारी असलेल्या गुरांशी नाकाला नाक घाशीत असत, पण त्यांना तो रोग झाला नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. जमीन निरोगी तर पीक निरोगी, पीक निरोगी तर जनावर आणि माणूसही निरोगी, हा त्यांचा पुढील आयुष्यातला सिद्धान्त अशा निरीक्षणांतून उभा राहिला.

पुसा येथे मात्र त्यांची कुचंबणा होऊ लागली. बुरशी एका खात्याकडे, कीटक दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे, अशी तेथे वाटणी होती. शेतात या सगळ्या गोष्टी एकत्र नांदतात, मग त्यांचा विचार तुकड्यातुकड्यांनी कसा करावा? हा वाद कागदावर मिटणारा नव्हता. अखेर १९२४ साली होळकरांच्या इंदूरला नवी संस्था निघाली. कापूस समितीचा पैसा, संस्थानिकांचे साहाय्य आणि तीनशे एकर जमीन अशा सामग्रीवर हॉवर्ड तेथे संचालक झाले. आता सगळे प्रश्न एका छत्राखाली आले.

इंदूरला त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतला नेहमीचाच होता. जमिनीला खत हवे. पण शेणाच्या तर गोवऱ्या होऊन चुलीत जातात. उरलेल्या थोड्या शेणावर एवढ्या जमिनीची भूक कशी भागावी? उलट पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पाचोळा, उसाचे पाचट असा वनस्पतींचा कचरा मुबलक. तेव्हा थोड्या शेणाचा विरजणासारखा उपयोग करून पुष्कळ कचरा कुजवावा, अशी ही कल्पना होती. चीनमधील शेतकरी शतकानुशतके काडीकचरा कुजवून जमिनीला परत देतात, हे हॉवर्ड यांनी वाचले होते. त्याला आपल्या गोठ्याची जोड मिळाली. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. मग त्या गुरांखाली अंथरायच्या. गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती खणून घ्यायची. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात कचरा, शेण, मूत्राची माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि तीन वेळा खालवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार. शेतीच्या जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली ती हीच. इंदूरचे नाव हॉवर्ड यांनी चहाकॉफीच्या मळ्यांपासून आफ्रिकेपर्यंत पोहोचविले, याचा अभिमान आपल्या इंदूरकर मराठी बांधवांना वाटला तर त्यात नवल नाही.

या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचे. परक्या अंमलात साहेबाच्या बरोबरीने एका देशी माणसाचे नाव ग्रंथकार म्हणून छापले जावे, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र हे पुस्तक पाहायला गॅब्रिएलबाई राहिल्या नाहीत. १९३० साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही खताची पद्धत पाहिली व ‘हरिजन’मधून तिचा पुरस्कार केला. त्या संस्थेच्या जागी पुढे शेती महाविद्यालय उभे राहिले.

निवृत्तीनंतर हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईज यांच्याशी विवाह केला व ते लंडनच्या ब्लॅकहीथ भागात राहू लागले. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा भाग विशेष मोलाचा वाटतो. तीनशे एकरांचा धनी आता घरामागच्या एका बागेचा माळी झाला होता. त्या बागेतली माती पार थकलेली होती आणि सफरचंदाची झाडे किडींनी ग्रासलेली होती. हॉवर्ड यांनी औषध फवारले नाही. बागेतला सगळा कचरा आणि तबेल्यातले खत इंदूरच्या रीतीने कुजवून ते मातीला देत राहिले. काही वर्षांतच कीड हटली आणि झाडांची रया पालटली. तीनशे एकरांवर जे खरे ठरले तेच एका कुटुंबाच्या बागेतही खरे ठरले.

१९३४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४० साली त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ निघाला आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीला तो आधारग्रंथच ठरला. अमेरिकेत रोडेल यांनी त्यापासून प्रेरणा घेऊन १९४२ साली सेंद्रिय शेती व बागकामाचे मासिक सुरू केले. विरोधही पुष्कळ झाला. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण साधले की काम झाले, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांशी ते अखेरपर्यंत झगडत होते. त्यांचे प्रत्येक मत आज मान्य होईल असे नाही. बैलांची हकीकत हे निरीक्षण आहे. त्याला काटेकोर प्रयोग म्हणता येणार नाही, आणि गुरांना लस टोचण्याची गरज त्यामुळे संपत नाही. परंतु मातीतल्या सेंद्रिय द्रव्याचे आणि सूक्ष्म जीवांचे महत्त्व आज सर्वांनाच पटले आहे. २० ऑक्टोबर १९४७ रोजी ब्लॅकहीथ येथेच त्यांचे निधन झाले. ज्या देशात ते शिकले तो देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

हॉवर्ड यांची ओळख मला ग्रंथालयात झाली, पण ते पटले ते आमच्या परसात. घरामागे तीन-चार वाफे होतील एवढी जागा आहे. तेथे भाजी लावायचे ठरले तेव्हा शेजाऱ्यांनी पहिली सूचना केली ती खताची गोणी आणण्याची. आजीने मात्र आधी उकिरड्याची चौकशी केली. अक्षय्य तृतीयेला आळी करावीत, मोरीच्या पाण्यावर अळू लावावे, वांग्यामागून वांगी घेऊ नयेत, मध्ये चवळी किंवा गवार घ्यावी, मावा पडला तर पानांवर राख भुरभुरावी, हे सारे तिला तोंडपाठ. पुस्तकात वाचलेला बेवड मला तिच्या बोलण्यात भेटला.

मग पुस्तकाचा उपयोग काय? तोही आहे. आपला उकिरडा उघड्यावर असतो. उन्हाने तो वाळतो, पावसाने त्यातले सत्त्व वाहून जाते. हॉवर्ड यांनी दाखविले ते थरांचे, ओलाव्याचे आणि हवेचे शास्त्र. आम्ही सावलीत तीन फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डा केला. तळाशी काटक्या, वर वाळका पाचोळा, त्यावर भाजीची देठे आणि साली, मग शेणकाल्याचा सडा, चिमूटभर राख आणि मूठभर माती, असे थर दिले. ओलावा किती? फडके पिळून घेतल्यावर जेवढा राहतो तेवढा. दर काही आठवड्यांनी आजी सांगायची आणि मी फावड्याने खालवर करायचा. तीन महिन्यांनी खड्ड्यातून पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास आला. त्या खतावर मेथी, पालक, मिरची आणि मांडवावर दोडका आला. बाजार बंद पडावा एवढी काही ती भाजी नव्हती. पण घरातला ओला कचरा रस्त्यावर जायचा थांबला आणि आजीच्या शब्दाला घरात पुन्हा वजन आले.

ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या महाविद्यालयातले कितीतरी विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरून येतात. पदवीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकताच घरातल्या मातीच्या ज्ञानाची त्यांना लाज वाटू लागते. आईवडिलांना काही विचारावे असे त्यांच्याजवळ आहे, हेच आपण विसरतो. हॉवर्ड यांच्यापाशी पदवी होती, अधिकार होता आणि राज्यकर्त्या जातीचा तोराही मिरवता आला असता. ते सारे बाजूला ठेवून ते बांधावर उभे राहिले, पाहत राहिले, विचारीत राहिले. आणि जे कळले ते आपल्या विद्येने पारखून, नेटके करून जगापुढे मांडले.

एक खंत मात्र राहतेच. हॉवर्ड यांचे नाव ग्रंथांत राहिले, वाड यांचेही मुखपृष्ठावर राहिले. पुसाच्या ज्या शेतकऱ्यांनी त्यांना शिकविले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांचे ऋण फेडणे आता कोणाच्याच हाती नाही. आपल्या घरातल्या अशा गुरूंना मात्र त्यांच्या हयातीत नावाने ओळखता येईल, त्यांच्याकडून शिकून घेता येईल आणि शिकलेले लिहून ठेवता येईल. सुट्टीत गावी जाणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना तेवढीच विनंती आहे.